मसाल्याच्या लेबलला हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट हवाय, कलम चालेल का?

पाटावरवंटा:
नमस्कार मंडळी, आई घरी गोडा आणि काळा मसाला करते, इतके दिवस सोसायटीतच खपायचा, आता बाहेरून पण ऑर्डर यायला लागल्यात म्हणून बरणीला नीट लेबल करायचंय. साध्या फॉन्टमध्ये केलं तर अगदी औषधाची बाटली वाटायला लागली. मग गुगल फॉन्ट्सवर कलम सापडला, दिसतो मस्त घरगुती, पण छापून आणलं तर खालचा घटकांचा मजकूर वाचताच येईना, अनुस्वार गायब आणि रफार अक्षरात घुसलेला. फॉन्ट बदलू की साइज वाढवू? आणि विकायच्या मालावर वापरला तर पैसे पडतात का?

रफार:
पैसे नाही पडत, ओपन फॉन्ट लायसन्स आहे, बिनधास्त वापर. इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट आहे, स्केचपेनने भराभर लिहावं तसा, चांगला तिरका. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा ३ जाड्या मिळतात. मसाल्याचं नाव बोल्डमध्ये मोठ्ठं टाक आणि तिथेच थांब. घटक, वजन, तारीख हे ६ पॉइंटात कुठल्याच हस्ताक्षरी फॉन्टमध्ये घालू नये रे, तिथे मुक्ता नावाचा साधा सरळ फॉन्ट घे. आणि हो, अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

चहाटळ:
मला हे फॉन्ट एका ओळीपुरतेच पटतात. तुझ्या दोन्ही बरण्या शेजारी ठेवून बघ, 'मसाला' दोन्हीकडे हुबेहूब तोच, आणि त्या एका शब्दातले दोन्ही काने पण जुळे. माणूस असं लिहितो होय? शिवाय ल कुठला येतोय ते झूम करून बघ, २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचे येतात. त्यापेक्षा आईलाच मार्करने लिहायला सांग आणि स्कॅन कर ना, फुकटात काम होईल!

पाटावरवंटा:
आई आधी म्हणाली माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तासभर गिरवत बसली. नावं तिच्या हातची, बाकी सगळं मुक्तात, झकास दिसतंय. जोशात तिने 'लाल तिखट' पण लिहून दिलं, फक्त त्यातला ख जुन्या वळणाचा, र वेगळा आणि व वेगळा, त्यामुळे भाचा सकाळपासून 'लाल तिरवट' वाचत फिरतोय. तेवढं एक परत लिहून घेतो.