ब्रिटनमध्ये फंक्शनल स्किल्स इंग्लिश करताना : तुमचे अनुभव लिहा

शाळेत टीचिंग असिस्टंट व्हायचं ठरवलं तेव्हा इथल्या कॉलेजने बी.कॉम.चं प्रमाणपत्र पाहिलं आणि तरीही लेव्हल 2 इंग्लिश मागितलं. जीसीएसई (इथली दहावीसारखी शालेय परीक्षा) नसेल तर फंक्शनल स्किल्स, म्हणजे रोजच्या कामात लागणाऱ्या इंग्रजीचा कोर्स, करा, म्हणाले. लेव्हल 2 म्हणजे जीसीएसईच्या ग्रेड 4च्या तोडीचं. वाचन, लेखन आणि बोलणं-ऐकणं असे तीन भाग, तिन्ही वेगवेगळे पास व्हावे लागतात. वर्गात माझ्यासारख्या शिकलेल्या बऱ्याच जणी होत्या, पण घरी कुणी फारसं सांगत नव्हतं. यात लपवण्यासारखं काय आहे? म्हणून हा धागा. ज्यांनी केलंय किंवा करताहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

स्विंडन, गोदामात काम

मी डिचोलीचा. शाळा मराठी माध्यमाची. पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलो. स्विंडनमध्ये आपले गोंयकार इतके आहेत की दिवसभर इंग्रजी न बोलताही चालतं, आणि अडचण तिथेच होती. टीम लीडर व्हायचं तर अपघाताचा रिपोर्ट स्वतः लिहावा लागतो. कॉलेजात आधी चाचणी घेतली आणि एंट्री 3 ला (लेव्हल 1च्या खालची पायरी) बसवलं, मग लेव्हल 1. फी पडली नाही. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसायचो, डोळे मिटायचे. पण आता रिपोर्ट मी लिहितो.

लेस्टर

लेखनाबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपली माणसं अडकतात ती तिथेच. 2019च्या नव्या अभ्यासक्रमापासून लेखनाच्या पेपरात डिक्शनरी चालत नाही, स्पेलचेक बंद असतो, आणि चाळीस ते पंचेचाळीस टक्के मार्क स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरणाला आहेत. (वाचनाच्या पेपरात डिक्शनरी चालते, ती जरूर न्या.) मराठीत आपण स्वल्पविराम देत देत वाक्य लांबवतो. इथे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की मार्क गेलेच. आमच्या शिक्षिका हिरव्या पेनने प्रत्येक जोड फोडून दाखवायच्या.

दुसरं म्हणजे पत्र. कचरा उचलला नाही म्हणून कौन्सिलला तक्रार लिहा, असा सराव होता. शाळेत शिकलेल्या पद्धतीप्रमाणे वर्गातल्या आम्ही सगळ्या भारतीय बायकांनी पहिला परिच्छेद नम्रपणे विनंती करण्यातच घालवला. बाईंनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "कचरा कुठल्या दिवशी राहिला? तुम्हाला कौन्सिलकडून काय हवंय?" तारीख, काय झालं, काय हवंय, कधीपर्यंत. पत्र कुणासाठी आणि कशासाठी, हे पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे. ही शिस्त मला आता मुलाच्या शाळेला ईमेल लिहितानाही उपयोगी पडते.

बर्मिंगहॅम, केअर असिस्टंट

व्हिसावर नव्याने आलेल्यांनी फीबद्दल आधी नीट विचारावं. सरकारी खर्चाने शिकायला साधारणपणे तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. माझं नव्हतं, मी पदरचे पैसे भरले. नर्सिंग असोसिएट (केअर असिस्टंट आणि नर्स यांच्यामधलं पद) व्हायचं आहे, त्याला लेव्हल 2 लागतंच. फेब्रुवारी 2025पासून इंग्लंडमध्ये 19 वर्षांवरच्या अप्रेंटिसना (नोकरी करता करता शिकणाऱ्यांना) इंग्रजी-गणित करायचं की नाही, हे कामावर ठेवणारा ठरवू शकतो. पण नर्सिंग असोसिएटला ती सवलत नाही. आणि एक महत्त्वाचं : कायम वास्तव्यासाठी जी बी1 (मध्यम पातळीची) इंग्रजी परीक्षा लागते, तिच्याऐवजी हे प्रमाणपत्र चालत नाही. ती परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रावर वेगळी द्यावी लागते. आमच्या ओळखीतल्या एका दादांना हे ऐनवेळी कळलं, फार धावपळ झाली त्यांची.

साउथॉल

बोलण्याच्या परीक्षेला कुणी घाबरू नका. ती आपल्याच केंद्रात होते. छोटं भाषण, त्यावर प्रश्न, मग गटात चर्चा. मी साताऱ्याकडची, गावात बचत गट चालवायचे, तोच विषय घेतला. दरमहा किती जमा करायचो, व्याज कोण ठरवायचं, कर्ज थकलं तर काय करायचो, सगळं सांगितलं. गटातल्या एक सोमाली ताई लगेच म्हणाल्या, आमच्यातही बायका अशीच भिशी लावतात, पण व्याज अजिबात घेत नाहीत. मग व्याज घ्यावं की नाही यावर आम्ही दोघी इतक्या बोललो की बाईंना मध्ये पडून बाकीच्यांना बोलायला सांगावं लागलं. आपल्याला आतून माहीत असलेला विषय घ्या. प्रश्न कुठूनही आला तरी उत्तर सुचतं.