मदत हवी आहे: आइसलँडमधलं होफ्सकिर्क्या चर्च आतून पाहता येईल का?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई (वय 71) आणि मी रिंग रोडने (देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता) विक गावाकडून योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवराकडे जाणार आहोत. वाटेत स्काफ्ताफेल्ल या निसर्गक्षेत्राच्या पुढे, होफ वस्तीत हे गवताच्या छपराचं छोटं चर्च लागतं. 1884 साली बांधलेलं. जुन्या पद्धतीने बांधलेल्या अशा चर्चपैकी हे सगळ्यात शेवटी बांधलेलं. दगडी भिंती, वर फरशा आणि त्यावर हिरवळ. फोटो पाहिल्यापासून आईच्या मनात ते बसलंय, आणि तिला ते नुसतं बाहेरून बघायचं नाहीये.

चर्च राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे, पण प्रार्थनाही होतात, एवढं माहीत आहे. ऑक्टोबरमधल्या वेळा कुठेच मिळाल्या नाहीत. दोन ईमेल पाठवले, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. उन्हाळ्यात गेलेल्या दोघांपैकी एकाला दार उघडं मिळालं, दुसऱ्याला कुलूप.

गाडी आम्ही स्वतः भाड्याने घेतली आहे, त्यामुळे टूरच्या वेळेचं बंधन नाही. मुक्काम मात्र एकच रात्र, आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आईचे गुडघे दुखतात, ओल्या गवतावर चालणं तिला जड जातं. शिवाय अंगणात सगळीकडे गवताने झाकलेल्या थडग्यांचे उंचवटे आहेत. चुकून कुणाच्या कबरीवर पाय पडू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

सप्टेंबरनंतर कुणी गेलं आहे का? दार बंद असेल तर किल्लीसाठी वस्तीत कुणाला विचारायचं, आणि गाडी लावतो तिथून दारापर्यंत नीट पायवाट आहे का?