बी-102 च्या न्हाणीत पाणी आणि डॉलरची अंघोळ

बी-102: नमस्कार मंडळी. आज परत आमच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं. सोबत पिवळे केस, फोटो टाकलाय बघा. कोणाचे ते मी सांगत नाही, आमच्या घरात तरी पिवळ्या केसांचं कोणी नाही 🙏

बी-302: वहिनी, सरळ नाव घेतलंत तरी चाललं असतं. आमच्या कुत्र्याला, डॉलरला, महिन्यातून एकदाच अंघोळ घालते आणि आता घरातच घालते, कारण गच्चीत घातली तर तक्रार, पार्किंगमध्ये घातली तर तक्रार. खांडेपारच्या नदीत नेऊ का?

ए-203: नेऊ नको गे, शॅम्पू लावून पावसात उभा कर, जुलै आहे, आपोआप धुतला जाईल 😂

ए-101 काका: ड्रेनेजचा चेंबर मे महिन्यात साफ करायला हवा होता. मी एजीएमला, वार्षिक सभेला, लेखी दिलंय.

बी-102: काका चेंबरचं नंतर बघू. आधी केस कुठून आले ते बोला. आणि डेटॉलचा वास जिन्यापर्यंत येतो तोपण त्यांचाच ना?

बी-302: गोचिड्या झाल्यात त्याला, पाण्यात दोन झाकणं घालते.

बी-201: डेटॉल नको गं घालू, कातडी जळजळते आणि तो नंतर चाटतो ते पोटात जातं. आपला शॅम्पूपण नको, आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा त्याच्याहून जास्त, म्हणून त्यांचा वेगळा घ्यायचा. गोचिडीला मानेवर लावायचे थेंब मिळतात, डॉक्टरला वजन सांगून घे, आणि ते लावायच्या दोन दिवस आधी नि दोन दिवस नंतर अंघोळ नाही, नाहीतर औषध वाया. मुख्य म्हणजे आधी कोरडाच विंचर, बाल्कनीत पेपर पसरून, मेलेले केस तिथेच निघतात ते कचऱ्यात टाक. मग कोमट पाणी, कानात कापूस, आणि जाळीवर जुना पायमोजा ताणून बसव. पुसायचं मात्र मुळापर्यंत, या हवेत ओला राहिला की खाजवून खाजवून जखमा करून घेतो.

बी-102: देव बरें करूं डॉक्टरीणबाई. माझी न्हाणी कोण पुसणार ते पण लिहा.

ए-101 काका: चेंबर.

बी-104: सरळ बिल्डिंगमध्ये कुत्रे बंद करा ना. ठराव करा.

सेक्रेटरी: तसा ठराव करता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक आहे, सोसायटीने बहुमताने ठरवलं तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. कृपया शांतता ठेवा. प्लंबर आलाय.

ए-203: बी-104 वाल्यांची स्कूटर मात्र बंद करता येईल, रोज लिफ्टसमोर असते

बी-104: विषय काय चाललाय? तुमचा गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीचा कचरा मागच्या चवथीला कुठे टाकला होता ते काढू का?

सेक्रेटरी: प्लंबरचा रिपोर्ट. चेंबरमध्ये केस सापडले हे खरं. पण त्यांच्याखाली माशांची खवलं निघाली, अर्धी बादली.

बी-302: वहिनी, आमच्याकडे पूर्ण शाकाहार, श्रावणाची वाट बघावी लागत नाही. तुमच्याकडे मात्र पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाल्यापासून रोज शेवटे मासे साफ होतात, वास वर येतो. मी कधी ग्रुपवर फोटो टाकला?

बी-102: खवलं सगळ्यांचीच असतात!! फक्त आम्हीच खातो का मासे इथे? ए विंग काय गवत खाते?

ए-203: मी बाजारातून साफ करून आणतो 😇

ए-101 काका: मी एजीएमला लेखी दिलंय. प्रत परत टाकतो.

सेक्रेटरी: काका फाइल उघडत नाही.

बी-201: प्लंबरचे पैसे बी विंगच्या सगळ्या फ्लॅटनी वाटून द्या आणि संपवा.

बी-104: आमच्याकडे कुत्रा नाही, आम्ही देणार नाही.

सेक्रेटरी: मासे खाता ना?

बी-104: सोमवारी नाही.