त्रिनिदादमधील शाकाहारी खाणे

शाकाहारी माणसाची त्रिनिदादमध्ये आबाळ होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. 1845 पासून या कॅरिबियन बेटावर आलेल्या भारतीय मजुरांपैकी बहुतेक भोजपुरी भाषक होते आणि त्यांची चव आजही तेथील रस्त्यांवर टिकून आहे.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये हॉटेले आहेतच, पण सकाळी भूक लागली की क्युरेप किंवा सेंट जेम्स भागातील गाड्यांवर ‘डबल्स’ खावे. हळद घातलेल्या, तळलेल्या दोन मऊ पुऱ्यांवर रसदार छोले, काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि कैरीचा ‘कुचेला’ (किसलेल्या कैरीचे तिखट लोणचे) घालून विक्रेता तो ऐवज कागदात इतक्या झपाट्याने गुंडाळतो की पाहत राहावे. तिखट बेताने हवे असल्यास ‘स्लाइट’ एवढेच म्हणावे, कारण तेथील मिरची खरोखर जहाल असते.

वेळ असेल तर दक्षिणेकडील देबे गावी अवश्य जावे. तेथील ‘सहीना’ अळूच्या जातीच्या पानांची आणि डाळीच्या पिठाची असल्याने पहिल्या घासालाच आपली अळूवडी आठवते. ‘दालपुरी’ म्हणजे जिरे घातलेल्या वाटाणाडाळीचे सारण भरलेली मोठी, लुसलुशीत पोळी. ती भोपळ्याच्या भाजीबरोबर मागावी.

मासे चालत असतील त्यांनी माराकासच्या किनाऱ्यावर ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या पावात घातलेला तळलेला शार्क मासा, खावे. मी स्वतः मात्र शार्कऐवजी किंगफिश मागवण्याचा आग्रह धरीन.