शस्त्र 'बाळगणे', 'वाहणे' की 'धरणे'?

टंकाळी
पुरवणीसाठी अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचा लेख मराठीत करतेय. दुरुस्ती १७९१ ची, मूळ वाक्य जेमतेम २७ शब्दांचं, आणि दोन दिवस तिथेच अडकलेय. शस्त्रं घरात ठेवणं आणि ती 'बेअर' करणं, असे दोन हक्क एका दमात सांगितलेत. मी लिहिलं, 'शस्त्रे बाळगण्याचा व वाहण्याचा हक्क'. संपादकांनी लाल रेघ मारून विचारलं, "वाहायला ती फुलं आहेत का?" नुसतं 'बाळगणे' ठेवावं तर पोलिसांच्या बातमीचा वास येतो: 'विनापरवाना शस्त्र बाळगल्याप्रकरणी एकास अटक'. हक्काला शोभेल असं क्रियापद सुचवा.

शुद्धमती
धारण करणे. शंकर त्रिशूळ धारण करतो, त्याला कोणी अटक केलेली नाही.

बारक्या७२
धारण म्हटलं की मला सातबारा आठवतो. बाळगण्यात वाईट काय? अभिमान बाळगतो, संयम बाळगतो. बाळासारखं जपायचं ते बाळगणं, सरळ आहे.

शुद्धमती
या व्युत्पत्तीला पुरावा?

बारक्या७२
आमच्या आजीने सांगितलंय.

वकीलकाका
हीच मारामारी तिथल्या सुप्रीम कोर्टात झालीय. हेलर खटला, २००८, निकाल ५ विरुद्ध ४. बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले, 'बेअर आर्म्स' म्हणजे वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून शस्त्र अंगावर ठेवून वावरणं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधी मतात म्हणाले, हा फौजेतला वाक्प्रचार आहे, अर्थ सैनिक म्हणून उभं राहणं. मराठीत हा फरक क्रियापदातच बसलाय. शस्त्र बाळगणारा मंडईत भाजी घेत असेल. शस्त्र धरणारा लढायला उतरलेला असतो. कृष्णाने शस्त्र न धरण्याचा शब्द दिला तो याच अर्थाने. तेव्हा ताई, 'बाळगणे' लिहिलंत तर स्कालिया जिंकले, 'धरणे' लिहिलंत तर स्टीव्हन्स. 'धारण'ने दोघांनाही चुकवता येईल, पण मग ही माणसं भांडतायत कशावरून ते वाचकाला कळायचं नाही.

टंकाळी
म्हणजे निकाल मीच द्यायचा! आणि त्या वाक्याच्या सुरुवातीलाच 'सुनियंत्रित मिलिशिया', म्हणजे नागरिकांची फौज, आहे, तिचं काय?

मोडीवाला
'सुनियंत्रित' चुकेल. तिथे 'रेग्युलेटेड' म्हणजे सरकारी बंधनं घातलेली असं नाही, शिस्तीत तयार झालेली. हेलरमध्येही तसंच म्हटलंय. आपल्याकडे महादजींच्या फौजेसाठी वापरतात तो शब्द चोख बसतो: कवायती. मिलिशियाला 'शिबंदी' म्हणावंसं वाटतं, पण शिबंदी पगारी. तिथे शेतकरी-सुतारच आपापली बंदूक घेऊन यायचे.

शुद्धमती
कवायत अरबी, शिबंदी फारसी.

मोडीवाला
आणि 'हक्क' कुठला, पैठणचा?

सावंतवाडकर
बंदूक बघितलेलं कोणी बोलतंय का इथे? आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. डुकरं नाचण्यात शिरली की एक बार काढायचा हवेत, बस. निवडणूक लागली की गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करायची, पोचपावती घडी घालून देवाच्या फोटोमागे. आजो म्हणायचो, "बंदूक दाखवूची असता, मारूची नसता." आम्ही 'बाळगणे' कधी म्हटलं नाही. 'आमच्याकडे बंदूक आसा', संपलं.
दुसरं, बंदूक म्हणजे लांब नळीची. पिस्तुलाला बंदूक म्हटलं असतं तर आजोबा हसले असते.

वकीलकाका
हे फार महत्त्वाचं. हेलरमध्ये वाद मुख्यतः घरातल्या पिस्तुलाचा होता, राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यावर जवळजवळ बंदीच होती. लेखात सगळीकडे 'बंदूक' आलं तर मुद्दाच निसटेल. 'अग्निशस्त्र' लिहा.

शुद्धमती
शाब्बास. आणि 'बंदूकबंदी' हा वर्तमानपत्री शब्द कृपया टाळा. परवाने, तपासणी, वयाची अट, हे नियमन झालं. बंदी म्हणजे दारूबंदी.

बारक्या७२
अग्निशस्त्र म्हटलं की मला रामायणातलं अग्न्यस्त्र दिसतं. सामान्य माणूस 'बंदूक'च म्हणणार, भाषा त्याची आहे.

डॅलसकर
टेक्ससमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल सोबत न्यायला परवाना लागत नाही. त्याला इथली मराठी मंडळी 'कॅरी करतो' म्हणतात, बाळगत कोणीच नाही. गणपतीच्या हॉलच्या दारावर 'शस्त्र आत आणू नये' अशी पाटी आणि आत मूर्तीच्या हातात परशू.

बारक्या७२
परशू वाहतो, धरतो की बाळगतो?

मोडीवाला
बंदूक शब्दाचंही बघा. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एका फळाची टणक बी, त्यावरून गोळी. व्हेनिसचं अरबी नावही अल-बुंदुकिया, म्हणून काहीजण तिकडे बोट दाखवतात. मला ते ओढूनताणून वाटतं. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून आले.

सावंतवाडकर
आणि मुंबईत पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात ते चूक. घोडा म्हणजे वरचा, केपेवर आपटतो तो. बोटाने ओढतात तो चाप.

शुद्धमती
'केप' कुठल्या भाषेतला?

टंकाळी
लेख काल रात्री गेला. मी 'जवळ ठेवण्याचा व बाळगण्याचा' लिहिलं होतं, स्कालियांच्या बाजूने म्हणा हवं तर. संपादकांनी मथळा दिलाय 'अमेरिकेत बंदूकबंदीचा वाद'.

सावंतवाडकर
केप म्हणजे ती टिकली हो, दिवाळीत पोरं फोडतात तसली. पण ठासणीची केप वेगळी, टोपीसारखी…