‘माझं तारण झालंय’ असं इतकं ठामपणे म्हणावं का?

मोहरीचा_दाणा
सरळ विषयावर येतो. सोळाव्या वर्षी येशूला स्वीकारलं, म्हणजे पापातून सुटका (तारण) व्हावी म्हणून तशी प्रार्थना केली, आणि पुढच्या चार वर्षांत तीच प्रार्थना निदान दहा-बारा वेळा पुन्हा केली, कारण दर वेळी वाटायचं की मागच्या खेपेला मनापासून झाली नसणार. सभेत ‘स्वीकारायचं असेल तर पुढे या’ असं आवाहन झालं की आपले पाय निघाले पुढे! मग एकाने बायबलमधलं १ योहान ५:१३ उघडून दाखवलं. योहान म्हणतो, सार्वकालिक जीवन तुम्हाला मिळालंय हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलंय. कळावं म्हणून, वाटावं म्हणून नाही. तेव्हापासून मी स्वतःच्या विश्वासाचं वजन करत बसणं सोडलं आणि तो ज्याच्यावर ठेवलाय त्याच्याकडे बघायला लागलो. त्यामुळे माझं मत, शंकेवर तारणाची खात्री हेच औषध, आणि ज्या मंडळ्यांत ही खात्री शिकवत नाहीत तिथली माणसं विनाकारण जन्मभर कुढतात. पटत नसेल तर बोला.

भीत_कापत
नाही पटत. मत्तय ७ मधले ते ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणणारे आठवा, त्यांना काय कमी खात्री होती? आम्ही तुमच्या नावाने भुतं काढली म्हणून पुरावे देतायत, आणि उत्तर काय मिळतं तर मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही. पौल फिलिप्पैकरांना भीत भीत आणि कापत तारण साधून घ्या म्हणतो (माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय). विश्वासातून घसरणाऱ्यांबद्दलचं इब्री ६ तर वाचवत नाही इतकं कडक आहे. एकदा तारण झालं की कायमचं झालं, ही शिकवण ऐकून ढिले पडलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत, साक्ष द्यायला पुढे आणि उसने पैसे परत द्यायला मागे.

मोहरीचा_दाणा
उसने पैसे बुडवणाऱ्याला मी खात्री देतोय कुठे? मी बोलतोय ते रात्री झोप न येणाऱ्याबद्दल. मत्तय ७ च्या लोकांनी स्वतःची कामं पुढे केली, माझा मुद्दा नेमका उलटा आहे. आणि योहान १०:२८ मध्ये आपल्या मेंढरांबद्दल, कोणी त्यांना माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही असं येशू म्हणतो, त्यात हात कोणाचा आहे ते बघा ना.

जपमाळ
कॅथलिक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे आशा हा शब्द आहे, आणि आशा म्हणजे खात्रीचा पातळ अवतार नव्हे. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) स्पष्ट सांगितलं की देवाच्या दयेवर संशय घ्यायचा नाही, पण आपण कृपेत आहोत हे चूक होऊच शकणार नाही अशा खात्रीने कोणी सांगू शकत नाही, कारण माणूस स्वतःचा दुबळेपणा ओळखून असतो. यावर मला सगळ्यात आवडतं ते फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कचं उत्तर. १४३१ चा तिच्यावरचा पाखंडाचा खटला, समोर शिकलेले धर्मपंडित, आणि प्रश्न काय तर तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला माहीत आहे का? हो म्हणाली तर उद्धट, नाही म्हणाली तर स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर देव मला तिथेच ठेवो. एकोणीस-एक वर्षांची, लिहिता-वाचता न येणारी पोरगी! शंकेतून बाहेर पडायला मला याहून जास्त काही लागत नाही.

मोहरीचा_दाणा
उत्तर भारी आहे, मान्य. पण ताई, त्यावर रात्री झोप लागते का?

जपमाळ
मला लागते बाबा.

हळूहळू
दाणेभाऊ, मी तुमच्याच बाजूचा, प्रॉटेस्टंट, पण तुम्ही खात्रीला फार स्वस्त करताय. १६४६ चं वेस्टमिन्स्टर कन्फेशन, म्हणजे खरं तारण झालेला शेवटपर्यंत टिकतोच असं मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचाच विश्वासाचा दस्तऐवज, त्याच्या १८ व्या प्रकरणात म्हणतं की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो, मिळालेली हलूही शकते. म्हणजे तारण वेगळं आणि तारणाची खात्री वेगळी. विल्यम कूपर घ्या. पाद्री जॉन न्यूटनच्या जोडीने भक्तिगीतं लिहिणारा इंग्रज कवी, पण १७७३ नंतर त्याच्या मनाने घेतलं की देवाने आपल्याला टाकलंय, आणि १८०० मध्ये गेला तोवर ते काही फिटलं नाही. न्यूटनसारखा मित्र असून! लोक त्याची गीतं गाऊन धीर घेतात आणि त्याला स्वतःला तो धीर नव्हता. तुमचं ‘हेच औषध’ त्याला काय कामाचं? उलटा नमुना पंडिता रमाबाईंचा, बाप्तिस्मा १८८३ चा आणि ख्रिस्त खरा सापडला तो आठ वर्षांनी असं त्या स्वतः सांगतात. आणि मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली! २४ मे १७३८ ला त्याचं मन उबदार झालं, तारणाची खात्री पटली, ते सगळे सांगतात, पण १७६६ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात देवावर माझं कधी प्रेमच नव्हतं असं म्हणतो ते साक्षीत कोणी घेत नाही.

कुंपणावरचा
मी विश्वासातला नाही, तरी वाचतोय कारण इथे दोन शंकांची गल्लत होतेय. ‘मी यात धरलो गेलोय का’ ही एक, आणि ‘हे सगळं खरं आहे का’ ही दुसरी. दाणेभाऊंचं वचन पहिलीवर चालेल. दुसरी ज्याला लागली त्याला तुम्ही त्याच पुस्तकातलं वाक्य दाखवणार? बँक बुडाली का विचारणाऱ्याला पासबुक दाखवल्यासारखं झालं ते.

मोहरीचा_दाणा
पासबुकाचं बरोबर आहे. माझी शंका पहिलीच होती, दुसरी मला कधी फारशी आलीच नाही, त्यामुळे त्यावर उगाच बोलत नाही.

रात्रपाळी
उशिरा आले. मला ओसीडी आहे, म्हणजे एकच शंका पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती परत परत करायला लावणारा मनाचा आजार, आणि तो माझ्या बाबतीत धर्माच्याच वाटेने आला. वचन वाचलं की अर्धा तास शांत, मग पुन्हा ‘पण मी नीट पश्चात्ताप केला का?’ मग दुसरं वचन, मग पाळकांना फोन, मग पुन्हा अर्धा तास. पाळक बिचारे दर वेळी खात्री द्यायचे आणि तीच तर गोची होती. समुपदेशकाने सांगितलं की ही विचारणाच आजाराला खायला घालतेय, विचारणं थांबवायला शिकायचं आणि अस्वस्थता तशीच राहू द्यायची. आता शंका आली तर येऊ देते, प्रार्थना परत करत नाही. खात्री मिळाली असं नाही म्हणणार, मी ती मागायची थांबले. दाणेभाऊ, तुमच्या त्या दहा-बारा प्रार्थना वाचून मला जरा ओळखीचं वाटलं.

मोहरीचा_दाणा
हे वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो. खरं सांगतो, धागा मी काढला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या तरुण संघात एक मुलगी आहे, गेल्या काही महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे आली, दादा माझ्यासोबत स्वीकाराची प्रार्थना करा ना, मागची नीट झाली नाही. मी तिला १ योहान काढून देणार होतो. आता कळत नाहीये. रविवारी काय करू?

भीत_कापत
प्रार्थना करा तिच्यासोबत. आलेल्या लेकराला परत पाठवायचं नसतं, तिसऱ्यांदा काय नि तिसाव्यांदा काय.

रात्रपाळी
ती प्रार्थना अजिबात करू नका. वचनही काढू नका. चहा पाजा, दुसरं काहीतरी बोला, ती किती दिवस झोपली नाहीये ते विचारा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे नेण्याबद्दल घरच्यांशी बोलायला तिला मदत करा.

जपमाळ
रात्रपाळी, पटलं. फक्त ती गेल्यावर दादांनी तिच्यासाठी एकट्याने करायला हरकत नाही ना?

रात्रपाळी
एकट्याने करा की. तिला सांगू नका म्हणजे झालं.