पाणी ओतायचं काम बंद करू का? साडेतीन वर्षांचा मुलगा दुसरं काही घेतच नाही

शिशुवर्ग_सोलापूर:

नमस्कार. मी अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला मॉन्टेसरी वर्ग घेते, हे तिसरं वर्ष. एकाच खोलीत अडीच ते सहा वयाची २२ मुलं. अर्ध्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, चार-पाच घरांत कानडी. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर आणि आया घरी विड्या वळतात.

यातला एक मुलगा जूनमध्ये आला. मराठीचा एक शब्द नाही. रोज येतो, चपला भिंतीशी जोडून ठेवतो आणि थेट पाण्याच्या ट्रेपाशी जातो. काचेचे दोन छोटे जग. यातून त्यात, त्यातून यात. परवा मी मोजलं, २७ वेळा. एकावर एक ठोकळे रचायचा गुलाबी मनोरा दोनदा दाखवला. बघितला, उठला, परत पाण्याकडे.

अडचणी दोन आहेत. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. आमच्या मदतनीस मावशींनी आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलंय, सांडलेलं पाणी बघून त्यांचा जीव तुटतो. त्यांचं काही चुकत नाही. दुसरं म्हणजे शनिवारी त्याची आई आली. म्हणाली, "ताई, शेजारचं पोरगं वही भरून एबीसीडी लिहितंय आणि आमचं लेकरू नुसतं पाणी खेळतंय. फी कशाची भरायची?" मी हातांचे स्नायू, एकाग्रता असलं प्रशिक्षणात शिकलेलं बोलत राहिले. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की यातलं काही पोचत नाहीये. घरी आल्यावर मला रडू आलं.

पाणी काढून तिथं धान्य ठेवू का? आणि त्या आईला काय सांगू?

जुनी_बालवाडीताई:

बंद करू नका. मी २६ वर्षं वर्ग घेतला, त्यातली पहिली नऊ सोलापुरातच, त्यामुळे पाण्याची अडचण मला सांगायला नको.

१९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालगृह सुरू केलं. तीही गरीब कामगारांचीच वस्ती. तिथं तीन वर्षांची एक मुलगी लाकडी नळकांडी ठोकळ्यातल्या भोकांत बसवत होती. बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. चाळीसहून जास्त वेळा तिनं तेच केलं आणि मग झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी होऊन थांबली. तुमचे २७ मला त्याच जातीचे वाटतात. ज्या मुलाला आजूबाजूची भाषा कळत नाही, त्याला खोलीत निदान एक काम पूर्ण कळतंय. तेच काढून घेतलं तर त्याच्याजवळ काय उरेल?

धान्य आधी आणि पाणी नंतर हा क्रम बरोबर आहे. पण तो पाण्यापर्यंत आला आहे, आता त्याला ज्वारीवर परत पाठवलं तर ती शिक्षा होईल. नव्या मुलांसाठी ज्वारीचा ट्रे वेगळा ठेवा.

आता पाणी नेमकं कधी सांडतं ते बघा. माझ्या अनुभवात बहुतेक मुलांचं ओतताना सांडत नाही, थांबताना सांडतं. जग सरळ करायची घाई होते आणि शेवटची धार बाहेरून ओघळते. त्याच्या शेजारी बसा, एक शब्द न बोलता एकदा ओतून दाखवा. शेवटी जग तिरका धरूनच थांबा. चोचीवरचा थेंब लोंबेल, हलेल, पडेल. तो पडेपर्यंत दोघांनी त्याच्याकडे बघायचं. मगच जग सरळ. हा थेंब ज्याला दिसला त्याचं सांडणं आठवड्यात निम्म्यावर येतं, हे मी कितीतरी मुलांत पाहिलंय.

जगात पाणी पेलाभरच ठेवा, रेघ मारून. दिवसाला एक तांब्या वेगळा काढायचा, तो ट्रेचा. संपला की त्या दिवसाचं काम संपलं, हे मुलांना दोन दिवसांत समजतं. सांडलेलं पुसायला टॉवेलच्या कारखान्यातली टेरीची कात्रणं मागून आणा, टिपायला त्याहून चांगलं काही नाही. फडकं बादलीत पिळायचं आणि ते पाणी कुंडीला. हे पिळणं मावशींनी मुलांना शिकवावं. एकदा ते काम त्यांच्या हाती दिलं की त्यांचा जीव तुटणार नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या खेड्यात लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा गावात जे मिळेल त्यातूनच साधनं उभी केली होती.

पद्मा_पूर्वभाग:

मी शिक्षिका नाही. माझ्या आईनं आम्हा तिघांना विड्या वळून शिकवलं, म्हणून त्या आईबद्दल लिहिते.

तिला समजावून सांगू नका ताई. तिला बोलवा आणि मुलांच्या चटईवर बसवा. वर बारीक मूठ असलेल्या त्या नळकांड्या तिच्या हातात द्या. अंगठा आणि दोन बोटं. विडी वळणाऱ्या बाईला बोटांचं काम शिकवावं लागत नाही. पान मापानं कापायचं, चिमटीत तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. माझी आई अंधारातसुद्धा हे करायची. पण पहिल्या महिन्यात तिची पानं फाटायची, हेही ती सांगायची. कुणीही पहिल्या दिवशी हजार विड्या वळत नाही. लेकराची बोटं आत्ता पान फाडायच्या टप्प्यावर आहेत, हे तिला लगेच पटेल.

आणि एक विनंती. त्याच्याशी दोन शब्द तेलुगूत बोला. पाण्याला नीळ्ळु म्हणतात. मोठ्याला पेद्ददि, लहानाला चिन्नदि. मी पाच वर्षांची असताना शाळेत मला पाणी मागता येत नव्हतं. दुपारपर्यंत तशीच बसायचे. अजून आठवतं.

होटगीरोड_पालक:

सगळं मान्य, पण पहिलीत गेल्यावर फळ्यावरचं उतरवून घ्यावंच लागतं. आमच्या मुलीला ते जड गेलं. पालकांची भीती खोटी नसते.

जुनी_बालवाडीताई:

खोटी नाहीच. म्हणून अक्षरं पुढं ढकलायची नसतात, ती बोटांतून आधी द्यायची. खरखरीत कागदाच्या अक्षरावर दोन बोटं फिरवत आवाज म्हणायचा, वळण हातात बसतं, पेन्सिल मागून येते. पाच वर्षांच्या मुलांना वही जरूर द्या. साडेतीनच्या मुलाला वही दिली तर तो मुठीत पेन्सिल धरतो आणि ती पकड मोडायला नंतर वर्ष जातं.

शिशुवर्ग_सोलापूर:

तीन आठवड्यांनी लिहिते. सगळ्यांचे, विशेष करून पद्माताईंचे आभार.

ती आली. पदर खोचून चटईवर बसली. दहा नळकांड्या मिसळून तिच्यापुढं ठेवल्या, मी गप्प राहिले. भराभर बसवत गेली. शेवटी एक जाड नळकांडी हातात आणि भोक उरलं बारीक. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही. मग तिनंच मागच्या तीन काढल्या आणि नीट लावल्या. "कुणी सांगायलाच लागत नाही की ओ, आपलं आपल्याला कळतंय," म्हणाली. मुलगा मांडीला टेकून उभा होता. सगळ्यात बारीक नळकांडीवर बोट ठेवून म्हणाला, "अम्मा, चिन्नदि." लगेच माझ्याकडे वळून, "लहान."

वर्गात मी ऐकलेला त्याचा पहिला मराठी शब्द.

वही कधी, हे तिनं जाताना विचारलंच. मी तिला अक्षरांची पेटी दाखवली आणि त्याच्या बोटांकडे बघून ठरवू असं सांगितलं. महिन्यातून एकदा येऊन बसते म्हणाली.

मावशी आता रोज सकाळी तांब्या स्वतः भरतात. थेंबाचं त्यानं मनावर घेतलंय, पडेपर्यंत श्वास रोखून बघतो. मात्र एका जगाची चोच काल टवकली. मधल्या मारुतीपाशी दोन दुकानं पालथी घातली, सगळे जग मोठ्यांच्या हाताचे. पेलाभर पाण्याचा, चोच असलेला काचेचा जग सोलापुरात कुणाला कुठं मिळाला असेल तर कळवा.